वकीलसाहेबांचं खोकं

गेल्या महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी सकाळी आमच्या दारात एक खोकं येऊन पडलं. (पन्नास नव्हेत, एकच. आणि पुठ्ठ्याचं.) खोक्यामागे माझी मावसबहीण आणि तिच्यामागे घामाघूम झालेले काका. पहाटेच्या एसटीनं कराडहून आले होते. काका स्वतः एसटीतच क्लार्क आहेत, त्यामुळे एवढ्या खोक्याचं लगेज लावलं का, हे मी काही विचारलं नाही.

खोक्यात होतं एका क्लासचं 'संपूर्ण क्लॅट किट'. चौदा पुस्तकं, चालू घडामोडींच्या झेरॉक्सचे गठ्ठे आणि शंभर मॉक टेस्टचं लॉगिन छापलेलं एक चकचकीत कार्ड. मावसबहीण यंदा बारावीला आहे, आर्ट्सला. वकील व्हायचं हे ती सहावीपासून सांगतेय, त्यामुळे घरात तिला सगळे वकीलसाहेब म्हणतात. डिसेंबरात क्लॅट, म्हणजे देशभरातल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांची सामायिक प्रवेश परीक्षा. किटसाठी काकांचा जवळजवळ एका महिन्याचा पगार गेला होता. आणि प्रॉब्लेम असा होता की वकीलसाहेबांचे मॉकमधले मार्क दर महिन्याला कमी होत होते.

"तू इंजिनियर आहेस, तुला परीक्षांचं कळतं," काका म्हणाले. "अजून कुठली पुस्तकं घ्यायची तेवढं सांग. दुपारी अप्पा बळवंत चौकात जाऊन घेऊनच टाकू."

आता मला कायद्यातलं काय कळतं? ट्रॅफिक पोलिसानं अडवलं तर लायसन्स दाखवायचं, एवढंच. पण पोहे खाता खाता ते कार्ड घेऊन लॉगिन केलं, तिच्या चुकलेल्या प्रश्नांची यादी उघडली, आणि त्यानंतरचे माझे चार वीकेंड त्यात गेले. तेवढ्या भांडवलावर मला आता या विषयात ठाम मत आहे, आणि ते तुम्हाला ऐकवणार आहे. तुमच्याही घरात कुणीतरी असेलच वकील होऊ घातलेलं.

तर, पहिलाच प्रश्न जो आम्ही उघडला तो असा. उताऱ्यात सांगितलंय की अज्ञान व्यक्तीने केलेला करार मुळापासूनच रद्दबातल असतो आणि त्याची अंमलबजावणी तिच्याविरुद्ध करून घेता येत नाही. (कायद्याच्या मराठीत अठराच्या आतल्या माणसाला 'अज्ञान' म्हणतात. अठरावं लागलं की ज्ञानप्राप्ती होते अशी एक गोड समजूत यामागे असावी.) मग प्रसंग. सतरा वर्षांचा एक मुलगा आपलं वय एकोणीस सांगून बाईकसाठी पैसे उसने घेतो आणि परत करत नाही. पैसे देणारा त्या कराराच्या आधारे कोर्टात जातो. दावा टिकेल का?

वकीलसाहेबांचं उत्तर: टिकणार नाही. आन्सर-की: टिकेल, कारण मुलगा खोटं बोलला. खाली एका ओळीचं स्पष्टीकरण, की फसवणूक करणाऱ्याला कायदा संरक्षण देत नाही.

खरं सांगतो, मला आन्सर-कीच पटली. पोरगं खोटं बोललंय ना? मग भोग म्हणावं. तर ही शांतपणे म्हणते, "दादा, उताऱ्यात खोटं बोलण्याबद्दल एक शब्द तरी आहे का?"

नव्हता. दोनदा वाचलं तरी नव्हता. आणि क्लॅटचा नियमच असा आहे की कायदा आधीपासून माहीत असण्याची गरज नाही. उताऱ्यात जे तत्त्व दिलंय तेच प्रसंगाला लावायचं, पदरचं काही घालायचं नाही. अर्धा तास वाद घालून आम्ही शोधाशोध केली. अज्ञानाच्या कराराबद्दलचा सगळ्यात प्रसिद्ध खटला १९०३ सालचा निघाला, मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष, प्रिव्ही कौन्सिलमधला. तिथे तर त्या पोरानं आपण सज्ञान आहोत असं लिहूनही दिलं होतं (अर्थात सावकाराच्या माणसाला खरं वय ठाऊक होतं). तरी गहाणखत रद्दच ठरलं. पुढे १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमात अशी सोय आहे की करार रद्द ठरला तरी अज्ञानाला झालेला फायदा परत करायला कोर्ट सांगू शकतं. म्हणजे की बनवणाऱ्याला कुठेतरी काहीतरी अर्धवट आठवत असणार. पण तो मामला वेगळा, त्यानं करार जिवंत होत नाही, आणि मुळात ते उताऱ्यात नाही. वकीलसाहेब बरोबर, की चूक.

इथपर्यंत ठीक होतं. चुका कुणाच्याही होतात. माझ्या पोटात खड्डा पडला तो त्यानंतर. तिनं एक वही काढली. दर चुकलेल्या प्रश्नानंतर ती त्यातून एक 'नियम' लिहून ठेवायची, म्हणजे पुन्हा तीच चूक नको. क्लासच्या सरांनीच सांगितलं होतं. नियम एकतीस होता: 'खोटं बोललेल्या माणसाच्या बाजूने उत्तर कधीच नसतं.' असे चाळीसच्या वर नियम. सुंदर अक्षरात, तांबड्या पेनानं चौकटी करून.

आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला टेस्ट म्हणतो तिथे हा रोग चांगला ओळखीचा आहे. टेस्टमध्ये अपेक्षित उत्तर चुकीचं लिहिलेलं असतं. नवीन पोरगा जॉइन होतो, त्याचा कोड बरोबर असतो, पण टेस्ट लाल दाखवते. सिनियरला विचारायची लाज वाटते, रिलीज शुक्रवारी असतं. मग तो काय करतो? बरोबर असलेला कोड चुकीच्या टेस्टला जुळवून बदलतो. टेस्ट हिरवी होते. सगळे खूश. बग कस्टमरकडे जातो. मी स्वतः हे केलेलं आहे, त्यामुळे कुणाला नावं ठेवत नाहीये. वकीलसाहेबांनी चार महिने नेमकं हेच केलं होतं. डोकं आधी चांगलं चालत होतं, ते त्या शंभर मॉकला जुळवून बदलून घेतलं होतं. आणि बदललेलं डोकं घेऊन बरोबर आन्सर-की असलेले प्रश्न सोडवायला गेलं की तेही चुकायला लागतात. मार्क कमी होतील नाहीतर काय!

तिच्या सगळ्याच चुका कीच्या माथी मारता येणार नाहीत, हेही लगेच सांगून टाकतो. पाच मॉकचे लीगल आणि लॉजिकलचे चुकलेले प्रश्न आम्ही बसून तपासले. त्यातले बरेचसे तिचेच चुकले होते, घाईनं वाचल्यामुळे. पण चांगले मूठभर असे निघाले की ज्यांचं छापील उत्तर उताऱ्यातल्या कुठल्याच ओळीवर उभं राहत नव्हतं.

सरावाचं साहित्य निवडताना लोक काय बघतात? किती पुस्तकं, किती मॉक, किती हजार प्रश्न. क्लासची जाहिरातही तशीच असते आणि आपल्याला ती पटते, कारण आकडा मोठा दिसला की पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. माझं म्हणणं एवढंच आहे की गणिताचं चुकीचं पुस्तक एक वेळ परवडेल. तिथे उत्तर चुकलं तर ताळा करून पकडता येतं. क्लॅटसारख्या परीक्षेत ताळा नाही. तिथे बरोबर काय ते तुम्हाला आन्सर-कीच सांगते, आणि ती सतरा वर्षांच्या मुलीला सांगते, जी स्वतःवर संशय घ्यायला आधीच तयार बसलेली असते. त्यात ती कराडची, दहावीपर्यंत सेमी इंग्लिशमधून शिकलेली. 'माझंच इंग्लिश कच्चं, मलाच उतारा कळला नसेल' हे उत्तर तिच्याकडे कायम तयार असतं. मुंबई-पुण्यातलं कॉन्व्हेंटचं पोर कदाचित सरांशी भांडलं असतं.

मग खऱ्या आन्सर-कीचे खरे प्रश्न आहेत किती? इथे मला पहिल्यांदा परिस्थितीची गंमत कळली. क्लॅट सुरू झाली २००८ साली. २०१८ पर्यंत ती दरवर्षी वेगळं विद्यापीठ घ्यायचं, २०१९ पासून विद्यापीठांचा संघ, म्हणजे कन्सॉर्शियम घेतं. तोपर्यंत पेपर दोनशे प्रश्नांचा असायचा, सुटे सुटे प्रश्न, घोकलेलं सामान्यज्ञान, कायद्याची माहिती वगैरे. २०२० पासून सगळं बदललं. दीडशे प्रश्न, आणि सगळे उताऱ्यांवर. २०२४ च्या क्लॅटपासून (ती झाली डिसेंबर २०२३ मध्ये, क्लॅटचं साल आणि कॅलेंडरचं साल यांचं जमत नाही) एकशेवीस प्रश्न, दोन तास, चुकलं की पाव मार्क वजा. म्हणजे नव्या पद्धतीचे खरे पेपर २०२० ते २०२६ मिळून फक्त सात. एकशेवीस प्रश्नांचे तर तीनच. त्याच्या जोडीला कन्सॉर्शियमनं दिलेले नमुना पेपर. संपली सोन्याची खाण.

आणि अप्पा बळवंत चौकात मिळतो 'मागील सर्व वर्षांच्या प्रश्नपत्रिका' असा उशीएवढा ठोकळा. त्यातले २००८ ते २०१९ चे बारा पेपर म्हणजे वेगळ्याच परीक्षेचे पेपर. नाव तेवढं तेच. आमच्याकडे अशा प्रकाराला 'डेप्रिकेटेड' म्हणतात आणि वापरणाऱ्याला शिव्या घालतात. वकीलसाहेबांच्या खोक्यात हाही ठोकळा होताच, आणि तिनं तो इमानेइतबारे अर्धा संपवलाही होता.

सातच पेपर आहेत म्हटल्यावर दुसरी चूक सुरू होते, ती म्हणजे ते पहिल्याच आठवड्यात सोडवून टाकणं. हुशार मुलं हमखास करतात. वकीलसाहेबांनी मार्चमध्येच चार उडवले होते. आता तेच पेपर पुन्हा दिले की शंभराच्या वर मार्क पडतात आणि घरात पेढे आणायची वेळ येते, पण ती तयारी नसून आठवण असते. ज्या डेटावर शिकलात त्याच डेटावर स्वतःला तपासायचं नाही, हे मशीन लर्निंगच्या पहिल्या धड्यात सांगतात. अनुभवी आयांना ते आधीपासूनच माहीत असतं. दिवाळीचा फराळ दिवाळीपर्यंत कडीकुलपात राहतो.

काकांबरोबर दुपारी चौकात गेलो खरा, पण एकही पुस्तक घेऊ दिलं नाही. दुकानाच्या काउंटरवर उभ्या उभ्या आम्ही एक खेळ केला, तो तुम्हीही करू शकता. पुस्तक उघडायचं, पुढची पानं बघायचीच नाहीत, थेट मागची स्पष्टीकरणं काढायची. लीगलचा कुठलाही एक उतारा घ्यायचा. बरोबर पर्याय का बरोबर ते सांगताना उताऱ्यातल्या ओळीकडे बोट दाखवलंय का? उरलेले तीन का चूक, ते सांगितलंय का? की नुसतं 'पर्याय ब योग्य आहे कारण तो तत्त्वाशी सुसंगत आहे' असं गोल गोल? अशी पाच-सहा स्पष्टीकरणं वाचली की पुस्तक लिहिणाऱ्यानं प्रश्नावर किती वेळ घालवला ते कळतं. एक पुस्तक बऱ्यापैकी निघालं. बाकीची? एकात तर दोन वेगवेगळ्या प्रश्नांना अक्षर न अक्षर तेच स्पष्टीकरण होतं. दुकानदार आमच्याकडे ज्या नजरेनं बघत होता ती मी वर्णन करत नाही. पुणं आहे.

चांगले प्रश्न अजून कुठून आणायचे, याचं एक उत्तर मला अनपेक्षित ठिकाणी मिळालं, अमेरिकेत. तिथल्या लॉ स्कूलांची परीक्षा एलसॅट. १९४८ पासून चालू आहे, मार्क १२० ते १८० या अजब पट्टीवर देतात. पण मला आवडली ती तिची एक सवय. परीक्षेत एक विभाग असा असतो की ज्याचे मार्कच धरत नाहीत, आणि तो कुठला हे परीक्षार्थीला सांगत नाहीत. पुढच्या परीक्षांसाठी लिहिलेले प्रश्न त्यात घालून खऱ्या मुलांवर तपासून घेतात. जो प्रश्न हुशार मुलांचाच जास्त चुकतो त्यात गडबड असणार, उघड आहे. म्हणजे प्रश्नाचीच आधी परीक्षा होते. आपल्या मॉकवाल्यांनी याच्या दहा टक्के जरी केलं तरी नियम एकतीस लिहायची वेळ आली नसती.

एलसॅट घेणाऱ्या संस्थेच्या लॉहबवर फुकट खातं उघडलं की काही संपूर्ण पेपर मिळतात. त्यातलं लॉजिकल रीझनिंग आणि वाचनाचे उतारे क्लॅटच्या लॉजिकल आणि इंग्लिशला उत्तम खाद्य आहेत. थोडे जास्तच अवघड आहेत, चारऐवजी पाच पर्याय असतात, चुकल्याबद्दल मार्क कापत नाहीत, आणि कधी कधी अमेरिकेतल्या कुठल्याशा पाणथळ जागेतल्या बेडकांविषयी वाचावं लागतं. चालतंय. पण लीगल आणि चालू घडामोडींना त्याचा काडीचा उपयोग नाही, हेही ध्यानात ठेवा. शिवाय जुन्या बाजारात एलसॅटची जी जाडजूड गाईडं मिळतात त्यातला लॉजिक गेम्सचा भाग सरळ सोडून द्यायचा. ऑगस्ट २०२४ पासून तो विभाग परीक्षेतच नाही. आकृत्या काढल्याशिवाय ते कोडे सुटत नाही आणि अंध माणसानं आकृत्या काढायच्या कशा, यावरून खटला झाला होता. २०१९ मध्ये तडजोड झाली आणि पुढे तो विभाग गेला. वकिलांच्या परीक्षेलाच कोर्टात खेचून बदलायला लावलं, यापेक्षा चांगली पात्रता परीक्षा कुठली असणार?

टेलिग्रामवर एलसॅटच्या चोरीच्या पीडीएफचा ढीग आहे. वकीलसाहेबांच्या मैत्रिणीनं लिंक पाठवलीही होती. मी काही साधू नाही, कॉलेजात सगळी पुस्तकं झेरॉक्सच वापरली. पण वकील व्हायच्या वाटेवरचं पहिलं पाऊल कॉपीराइट मोडून टाकायचं म्हणजे जरा... असो. फुकटचे पेपर तिला ऑक्टोबरपर्यंत पुरतील.

आता तुम्ही म्हणाल, खरे पेपर खरे पेपर करतोस, पण खऱ्या क्लॅटची आन्सर-की तरी कुठे धड असते? बरोबर आहे, आणि हा मुद्दा माझ्यावर काकांनीच टाकला. (काका पेपर बारकाईनं वाचतात.) १ डिसेंबर २०२४ ला झालेल्या क्लॅट २०२५ चा निकाल लागला आणि लगेच प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. २० डिसेंबरला एकल न्यायमूर्तींनी दोन प्रश्नांच्या उत्तरांत चूक आहे असं म्हणून निकाल दुरुस्त करायला सांगितला. मग अपील, बाकीच्या राज्यांतल्या याचिका, त्या सगळ्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीला पाठवल्या, एप्रिलमध्ये खंडपीठाचा निकाल, आणि मे २०२५ मध्ये पुन्हा सर्वोच्च न्यायालय. पाच महिने देशभरातली पोरं प्रवेशासाठी लटकलेली. आणि गंमत म्हणजे पहिली याचिका करणारा मुलगा स्वतः कायद्याच्या भाषेत 'अज्ञान' होता!

पण मला यातून उलटंच दिसतं. खऱ्या पेपरची की चुकली तर तिच्यावर आक्षेप घेता येतात, अंतिम की पुन्हा निघते, प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जातं. म्हणजे जी उरते ती हजारो चिडलेल्या मुलांच्या आणि त्यांच्या वकिलांच्या नजरेखालून गेलेली असते. मॉक क्रमांक सदुसष्टची की कुणाच्या नजरेखालून गेली? आम्ही त्या बाईकवाल्या प्रश्नाबद्दल क्लासला मेल लिहिली. 'आपला अभिप्राय आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं उत्तर आलं. की अजून तीच आहे.

क्लास सरसकट वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. घड्याळ लावून, अनोळखी हॉलमध्ये, शेजारी खोकणारं पोर बसवून दोन तास पेपर देणं याचा सराव घरी होत नाही, तो क्लासच देऊ शकतो. त्यासाठी मॉक जरूर द्यावेत, पंधरवड्याला एक. वेळ कुठे जातो ते बघावं, कुठला विभाग आधी घ्यायचा ते ठरवावं. फक्त त्याच्या आन्सर-कीवरून नियम लिहू नयेत.

आणि एक गोष्ट कुठल्याच खोक्यात नव्हती. साधा हिशेब करा. एका उताऱ्यावर साधारण पाच प्रश्न, म्हणजे एकशेवीस प्रश्नांना चोवीसच्या आसपास उतारे. प्रत्येकी चारशे-साडेचारशे शब्द. दोन तासांत दहाएक हजार इंग्लिश शब्द नुसते वाचायचे, शिवाय प्रश्न, शिवाय विचार. वकीलसाहेब रोज लोकसत्ताचा अग्रलेख वाचतात आणि लेखकाचा मुद्दा कुठे घसरला ते मला फोन करून सांगतात. डोकं तयार आहे, इंग्लिशचा वेग नाही. क्लॅट फक्त इंग्लिशमध्ये असते, त्याला आत्ता तरी इलाज नाही (यावरही दिल्ली उच्च न्यायालयात २०२३ मध्ये याचिका झाली होती). तिची खरी कमतरता प्रश्नांची नव्हतीच. वाचनाची होती, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आता ई-एससीआर वर कुणालाही फुकट वाचता येतात, आणि त्यातल्या काहींची मराठी भाषांतरंही आहेत. आम्ही असं ठरवलंय की आठवड्याला एक निकाल घ्यायचा. पहिली दहा-बारा पानं आधी मराठीत वाचायची, वाद काय आहे ते समजून घ्यायचं, मग तीच पानं इंग्लिशमध्ये घड्याळ लावून. मराठी भाषांतर कधी कधी इंग्लिशपेक्षा अवघड असतं हा भाग वेगळा. 'उपरोक्त', 'तद्नुषंगाने' वगैरे वाचून मलाच ज्ञान आल्यासारखं वाटतं. पण ती म्हणते की दुसऱ्या वाचनाला इंग्लिश अडत नाही, कारण गोष्ट आधीच माहीत असते.

मग त्या चौदा पुस्तकांचं काय झालं? काकांचा चेहरा बघवत नव्हता, त्यामुळे काहीतरी करणं भाग होतं. व्याकरणाचं आणि दहावीपर्यंतच्या गणिताचं अशी दोन ठेवली. झेरॉक्सचे गठ्ठे रद्दीत, चालू घडामोडी वर्तमानपत्रातूनच. आणि तो उशीएवढा ठोकळा? त्याला काम मिळालं. वकीलसाहेब आपली महाराष्ट्राची सीईटी लॉ सुद्धा देणार आहेत. मुंबई, नागपूर आणि संभाजीनगरच्या राष्ट्रीय विद्यापीठांत जागा मोजक्याच, नाही लागला नंबर तर पुण्यातलं आयएलएस सीईटीवरच मिळतं. या सीईटीत लांबलचक उतारे कमी, सुटे छोटे प्रश्न जास्त, मार्क कापत नाहीत, आणि पेपर मराठीतूनही देता येतो. म्हणजे क्लॅटला निरुपयोगी झालेले जुने बारा पेपर सीईटीच्या सरावाला बऱ्यापैकी चालतात. क्लॅट झाल्यावर ते काढायचे. हे ऐकल्यावर काकांनी पहिल्यांदा मनापासून दुसरा चहा मागितला.

नियमांची वही आम्ही फाडली नाही. ती म्हणाली, एवढं लिहिलंय दादा, राहू दे. मग एक रविवार बसून तिनंच एकेक नियम घेतला, ज्या प्रश्नावरून लिहिला तो पुन्हा सोडवला, आणि उताऱ्यात आधार सापडला नाही की त्यावर काट मारली. नियम एकतीस वर मारलेली काट इतकी जोरात आहे की मागच्या पानावर उमटलीय.

न सोडवलेले तीन खरे पेपर होते. एक सप्टेंबरात, एक ऑक्टोबरात. तिसरा, क्लॅट २०२६ चा, प्रिंट काढून खाकी पाकिटात घालून मावशीच्या कपाटात साड्यांखाली ठेवलाय. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी काढायचा. तो नेटवर दोन क्लिकवर आहे हे आम्हा सगळ्यांनाच माहीत आहे, पण किल्ली मावशीच्या कमरेला आहे आणि मावशी म्हणते, बघतेच कोण हात लावतं ते.